‘८ नंबरची सुई’ म्हणजे नक्की कुठली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी विणकामावर एक पान आलं होतं, वरती मोठ्ठ्या अक्षरात "रिकाम्या वेळेचा विरंगुळा" आणि खाली पुरुषांच्या फुल बाह्यांच्या स्वेटरची कृती. त्या पानाबद्दल हे पत्र आहे. त्याला आता चार महिने होऊन गेलेत आणि एवढ्या उशिरा कोण पत्र लिहितं असं तुम्ही म्हणाल, पण आधी मी तो स्वेटर विणत होते, मग उसवत होते आणि आता परत विणतेय, त्यामुळे सवड आत्ता मिळाली.

कृतीत सुरुवातीला एवढंच होतं की ८ नंबरच्या सुया, ५०० ग्रॅम लोकर, पाठीसाठी ९० टाके घाला. घरात सासूबाईंचा जुना सुयांचा जुडगा आहे, प्रत्येक सुईच्या टोपीवर नंबर कोरलेला, त्यातल्या ८ नंबरच्या काढल्या, त्या सुईला साजेल अशी लोकर घेतली आणि ९० टाके घालून बसले. आता इथेच गाडं अडलं होतं पण ते मला कळायला महिना गेला.

त्याचं असं आहे की सुयांच्या नंबरांच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या उलट चालतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, तारेच्या गेजसारखं (तारेच्या जाडीचे नंबर असतात तसं), म्हणजे १४ नंबर म्हणजे २ मिमीची अगदी काडीसारखी सुई आणि ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकन पद्धतीत आकडा वाढला की सुई जाड होते, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिमी. गंमत बघा, ब्रिटिश ६ नंबर ५ मिमीचा आणि अमेरिकन ६ नंबर ४ मिमीचा, म्हणजे ६ आणि ८ ने आपापसात जागा बदलल्यात फक्त. ७ नंबर तेवढा दोन्हीकडे ४.५ मिमी आहे, कृती ७ नंबरची असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती!

तुमची कृती अमेरिकन नंबरची होती. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं, मी नंतर आकडेमोड करून काढलं. ९० टाक्यांत ५० सेंमी रुंदीची पाठ व्हायची तर १० सेंमीत १८ टाके बसले पाहिजेत आणि तेवढे ५ मिमीच्या सुईवर जाड लोकरीत बसतात. माझ्या ४ मिमीच्या सुईवर मध्यम लोकरीत बसतात २२. म्हणजे माझी पाठ झाली ४१ सेंमीची, पुढचा भागही तेवढाच, आणि पुढचं-मागचं मिळून १०० सेंमी व्हायचा तो स्वेटर ८२ सेंमीचा झाला. लांबी मात्र कृतीत सेंटिमीटरमध्ये दिलेली, ती टेपने मोजून बरोब्बर ६४ सेंमी केली होती मी. लोडाला खोळ शिवावी तसा प्रकार तयार झाला, लांबच लांब आणि अरुंद.

तुम्ही विचाराल की बाई, पाठ विणून झाली तेव्हा दिसलं नाही का. दिसलं हो. पण सुईवर टाके दाटीवाटीने बसलेले असतात, रुंदीचा अंदाज येत नाही, आणि सुईवरून काढल्यावर मी स्वतःची समजूत घातली की धुतल्यावर पसरेल. विणणाऱ्या बायकांचं हे एक ठरलेलं वाक्य आहे, धुतल्यावर पसरेल आणि धुतल्यावर आटेल, जे हवं असेल ते. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "आधी चार बोटं विणून मोजायचं होतंस." त्या स्वतः कधी छापील कृती बघत नाहीत, वितीने आणि बोटांनी मापं घेतात आणि त्यांचे स्वेटर अंगाला बसतात. तेव्हा अर्धी चूक माझी, हे मी मान्य करते. सॅम्पलचा चौकोन विणायचा कंटाळा केला मी. पण चौकोन विणला असता तरी त्याची तुलना कशाशी करणार होते? १० सेंमीत किती टाके आले पाहिजेत हेच कृतीत नव्हतं ना!

शेवटी खांदे जोडले, बाजू शिवल्या आणि आमच्या ह्यांना घालायला दिला. डोकं गेलं आत, हात वर करून अर्धवट गेले आणि मग काहीच पुढे-मागे होईना. आतून आवाज आला, "अगं, हा काढायचा कसा?" मुलगी हसून हसून जमिनीवर. एका बाजूची शिवण उसवून त्यांना बाहेर काढावं लागलं. मुलीला घालून बघितला तर तिला रुंदीला बसला पण खाली मांडीपर्यंत आला, ती म्हणाली हा ड्रेस आहे का. मग ह्यांनी सुचवलं की इस्त्रीने ताणून बघ. ह्यांच्यावर ढकलत नाहीये, फिरवली मीच, आणि लोकर अर्धी अ‍ॅक्रिलिकची आहे हे मला माहीत होतं. खालच्या पट्टीच्या एका कोपऱ्यावर वाफेची इस्त्री धरली, दोन सेकंद असतील, आणि एक सुलट एक उलटची छान आखडलेली पट्टी तिथे एकदम लुळी पडली. अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच, उष्णतेने त्याची लवचीकता गेली की परत येत नाही. निव्वळ लोकर असती तर ओली करून, टाचण्या लावून थोडीफार पसरली असती. ४१ ची ५० नसतीच झाली म्हणा.

आता त्या "रिकाम्या वेळे"बद्दल बोलते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

पाठीचा हिशोब करून बघा. ९० टाके, ६४ सेंमीला साधारण १८० सुया, म्हणजे ओळी हो, आमच्यात ओळीला सुईच म्हणतात. काखेचा आणि गळ्याचा उतार सोडून दिला तर १६,२०० टाके झाले. माझा वेग मिनिटाला २५ टाके. (मिरियम टेगेल्स नावाच्या डच बाईंनी २००६ मध्ये एका मिनिटात ११८ टाके विणले होते, त्यांच्या घरी भांडी कोण घासतं ते विचारायला पाहिजे.) म्हणजे ६४८ मिनिटं, जवळजवळ अकरा तास. अकरा तास ऐकायला काही फार वाटत नाहीत, एक सुट्टी पकडली की झालं असं वाटतं. पण मला दिवसाला मिळतात मोजून चाळीस मिनिटं आणि तीही सलग नाहीत. सोळा दिवस लागले एका पाठीला. तुमच्या कृतीत एक आकडा राहिला तो छापताना पाव सेकंदाचा प्रश्न असेल, माझ्याकडे त्याचे पाठ आणि पुढचा भाग मिळून बत्तीस दिवस गेले.

आणि ती चाळीस मिनिटं कशी येतात तेही सांगते. वॉशिंग मशीन शेवटचं गरगरत असतं तेव्हा सात-आठ मिनिटं. बादली भरेपर्यंत तीन, त्यात जवळजवळ एक सुई होते, कधी बादली वाहते. मुलगी अभ्यासाला बसली की शेजारी बसून पंधरा, पण त्यात तिचे प्रश्न. बहिणीचा फोन आला की स्पीकरवर टाकून दहा-बारा, हे सगळ्यात चांगले, कारण बहीण एकटीच बोलते. भांडी घासल्यावर लगेच लोकर हातात घेता येत नाही हे कुणी लिहीत नाही, हात नुसते पुसून चालत नाहीत, पावडरने बोटांची टोकं फाटलेली असतात आणि त्या भेगांत लोकरीचा तंतू असा अडकतो की अंगावर काटा येतो. तेल लावलं तर डाग पडतो. म्हणून मी भांडी विणकामानंतर ठेवते आणि मग सिंकमध्ये ढीग दिसतो आणि मग घरातले म्हणतात ही विणत बसलीये.

मधेच उठावं लागणं हा तर एक वेगळाच विषय आहे. एकदा बेल वाजली म्हणून सुई अर्ध्यात टाकून उठले, परत आल्यावर घाईत काम उलटं हातात घेतलं आणि जिकडून आले तिकडेच परत विणत गेले. दोन दिवसांनी दिसलं, एका बाजूला दोन सुया जास्त, मधे डोळ्यात भरेल असं भोक. तेव्हापासून नियम लक्षात ठेवलाय की गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईला लटकतोय ती उजव्या हातात, मग काही चुकत नाही. हे नवशिक्यांसाठी तुमच्या पानावर छापायला किती सोपं होतं! त्याऐवजी "मनाला शांतता मिळते" असं तीनदा छापलंय. मिळते, नाही असं नाही, साध्या सुलट-उलट सुयांना मिळते, हात आपोआप चालतात आणि डोकं जरा थंड होतं. गळ्याचे टाके घटवताना मात्र कुणाला शांतता मिळत असेल तर मला भेटायला आवडेल.

टाके मोजणं चालू असताना तर घरात सगळ्यांना नेमके तेव्हाच प्रश्न पडतात. मी सदुसष्टवर असते आणि आतून आवाज येतो, माझे मोजे कुठेत? उत्तर दिलं तर आकडा जातो आणि नाही दिलं तर माणूस येऊन समोर उभा राहतो. हल्ली मी "अडुसष्ट!" असं ओरडते, ते समजतात आणि जातात. सुया मोजायला एका कागदावर रेघा मारत होते, तो कागद कुणीतरी घर आवरताना टाकून दिला, कुणी ते सांगत नाही, वर्षातून एकदा घर आवरलं आणि नेमका तोच कागद मिळाला. आता वीस-वीस टाक्यांवर रंगीत दोऱ्याचे लूप अडकवते आणि दर दहा सुयांना कडेला सेफ्टी पिन लावते. पिन कुणी आवरत नाही.

फरशी पुसायच्या आधी विणकामाची पिशवी उचलून दाराच्या खुंटीला टांगायची, नाहीतर गुंडा घरंगळत सोफ्याखाली जातो आणि तिथला सगळा केर, केस, गेल्या वर्षीचा पेन्सिलचा तुकडा असं घेऊन बाहेर येतो. खरं सांगायचं तर सोफ्याखाली झाडू त्यामुळेच फिरतो आमच्याकडे.

असो, विषय भरकटला. ग्रॅमचंही सांगायचं राहिलं. नुसतं "५०० ग्रॅम लोकर" याला काही अर्थ नसतो हो. मध्यम जाडीच्या १०० ग्रॅम निव्वळ लोकरीत धागा येतो साधारण २२५ मीटर, तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ३०० मीटरच्या आसपास, कारण अ‍ॅक्रिलिक हलकं असतं. म्हणजे वजन तेच पण धाग्यात फरक. मागे एकदा दुसऱ्याच कुठल्याशा कृतीवरून मी स्वतःसाठी जाकीट करत होते, असंच ग्रॅमवर विसंबून, आणि दुसऱ्या बाहीला कोपरापर्यंत येऊन लोकर संपली. रंगाचा नंबर तोच बघून अजून एक गुंडा आणला, पण लॉट नंबर, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा नंबर, वेगळा होता. रात्री दिव्यात अगदी एकसारखा दिसला, सकाळी उजेडात बघते तर कोपरापासून खाली बाही दुसऱ्याच्या जाकिटाची वाटावी. मग खालचं उसवून दोन सुया जुन्या गुंड्याच्या, दोन सुया नव्या अशा आलटून पालटून विणायच्या म्हटलं तर जुना गुंडा संपलेला. शेवटी पहिल्या, पूर्ण झालेल्या बाहीतून उसवून काढला. ते जाकीट मी अजून घालते पण हात टेबलाखाली ठेवून बसते.

कृतीत मीटर छापले असते तर दुकानात गुंड्यावरची पट्टी वाचून गुणाकार केला असता. शाळेत सहावीपर्यंत गणित शिकलेल्या बाईला जमेल एवढाच तो हिशोब असतो, माहिती द्यायला पाहिजे फक्त.

ह्या सगळ्यात उसवण्याबद्दल पानावर एक अक्षर नव्हतं, जसं काही ते होतच नाही. आमच्या तुकड्याचं उसवणं तीन रात्री चाललं. मुलगी ओढत होती आणि मी गुंडाळत होते, तिला त्यात फार मजा आली, बत्तीस दिवसांचं काम तिने "अजून आहे का?" विचारत संपवलं. उसवलेला धागा नूडलसारखा कुरळा होतो, तसाच परत विणला तर टाके वेडेवाकडे दिसतात. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल दोरे बांधले, नाहीतर धुताना गुंता होऊन सगळं फेकायची वेळ येते, कोमट पाण्यात बुडवून न पिळता दाबून पाणी काढलं आणि दोरीवर टांगलं. दोन दिवस बाथरूममध्ये लडी लटकत होत्या आणि आंघोळीला जाणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून बाहेर येत होता. इस्त्रीने मेलेला कोपरा तेवढा कापून टाकला.

ह्यांचं म्हणणं की एवढा उद्योग कशाला, तयार मिळतो की. म्हटलं हा सल्ला चारशे वर्षांपूर्वीचा आहे, १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम लीने मोजे विणायचं यंत्र काढलं तेव्हापासून तयारच मिळतंय आणि तेव्हापासून बायका ऐकत नाहीयेत. ह्यावर ते गप्प बसले. चालू विणकाम मोजून बघायला मात्र येतात हल्ली, स्वतः टेप घेऊन. एकदा अडकलेला माणूस काळजी घेतो.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी कृती छापाल तेव्हा सुईचा नंबर खुशाल छापा पण शेजारी मिलिमीटर लिहा, मिमी दोन्ही पद्धतींत एकच असतो. १० सेंमीत किती टाके आणि किती सुया हे लिहा, लोकर मीटरमध्ये द्या, तयार झाल्यावर स्वेटरची छाती किती भरेल ते लिहा, आणि चांदणीपासून चांदणीपर्यंत (* ही खूण) परत करा असं असेल तर दोन्ही चांदण्या छापा, तुमच्या पट्टीच्या डिझाइनमध्ये एकच होती आणि दुसरी कुठे असेल ते मी चार वेगवेगळ्या जागी धरून बघितलं. जागा नाही असं म्हणू नका. अर्ध्या पानभर त्या हसऱ्या मॉडेलचा फोटो होता, स्वेटरवर घडी घातलेले हात, म्हणजे पुढची वीण दिसतच नव्हती. त्याचे कोपर जरी कापले असते तरी चार ओळी बसल्या असत्या. आणि कृती बाहेरून घेऊन मराठीत करत असाल तर करा ना, चांगलंच आहे, पण छापायच्या आधी विणणाऱ्या एखाद्या बाईला नुसती वाचायला तरी द्या. सगळं विणून बघायला नाही सांगत, नुसतं वाचून सुद्धा कळतं काय राहिलंय ते.

"रिकाम्या वेळेचा" हे शब्दही काढाल तर बरं होईल.

आणि एक तातडीचं आहे, ते मात्र पुरवणीपर्यंत थांबू नका. मी आता २२ च्या हिशोबाने ११० टाके घालून पाठ आणि पुढचा भाग परत केलाय, छाती बरोबर १०० भरली, ह्यांना घालून, आणि मुख्य म्हणजे काढूनही बघितला. काल बाही सुरू केली. तुमच्या कृतीत लिहिलंय "दर सहाव्या ओळीत दोन्ही बाजूंना एक-एक टाका वाढवा", पण किती वेळा वाढवायचा किंवा शेवटी एकूण किती टाके झाले पाहिजेत ते दिलेलंच नाही. निदान बाहीची दंडाशी रुंदी किती धरली होती तेवढं कळवा, टाक्यांचं माझं मी बघते. बाही सुईवर तशीच थांबलीये आणि पिशवी खुंटीला आहे.

आपली,
एक वाचक